गरम झाली की पहिला आणि रिव्हर्स पडेना, तीन क्लच केबल खाल्ल्यावर सापडलेली भानगड

आधी गाडीचं सांगतो म्हणजे पुढचं लक्षात येईल. मारुती झेन, २००२ ची, आतलं मूळ ९९३ सीसीचं इंजिन काढून एस्टीमचं १२९८ सीसीवालं बसवलेलं, गिअरबॉक्स पण एस्टीमचाच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच उचलून टाकलेत. फाउंडेशन (इंजिन ज्यांच्यावर टेकतं ते) रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचे, प्रेशर प्लेट (क्लचची प्लेट दाबून धरते ती) जरा जड स्प्रिंगची, हेडर म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणारे वेगळे पाइप, मोठा एअर फिल्टर, आणि बोनेटखाली जागा पाहिजे म्हणून बॅटरी उचलून डिकीत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, मी ठेवली नव्हती. (आणि हो, इंजिन बदललं की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, ते केलंय, त्यावरून सुरू होऊ नका.)

तक्रार अशी. सकाळी गाडी थंड असताना सगळे गिअर लोण्यासारखे. अर्धा-पाऊण तास ट्रॅफिकमध्ये चालली की आधी रिव्हर्स कर्रर्र करायला लागतो, मग पहिला टाकताना दांडा दारातच अडतो, दोन्ही हातांनी ढकलावा लागतो, आणि सिग्नलला उभं असताना पहिल्यातून न्यूट्रलला आणायचं म्हटलं तरी निघत नाही. इंजिन बंद केलं की लगेच सगळे गिअर पडतात. केबल अॅडजस्ट केली की दहा-पंधरा दिवस बरं, परत तेच.

एकदा तर खंबाटकीत फसलो. पुण्याहून साताऱ्याला येत होतो, शनिवारची संध्याकाळ, घाटात ट्रक बंद पडलेला आणि सगळी लाइन मुंगीच्या पावलाने. चढावर थांबा, पहिला टाका, दोन फूट जा, परत थांबा. विसाव्या वेळेला पहिला पडायचंच बंद झालं. शेवटी काय केलं तर इंजिन बंद करायचं, पहिला टाकायचा, क्लच दाबून तसाच सेल्फ मारायचा. तो सेल्फ मारताना गाडी पुढे गचका द्यायची, म्हणजे क्लच पूर्ण दाबलेला असूनही सुटत नव्हता. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, बायको शेजारी बसून एक शब्द बोलत नाहीये, आणि ते जास्त भीतीदायक. आता मागे वळून बघितलं की हसू येतं, कारण त्या तासाभरात मी जितक्या वेळा सेल्फ मारला तितक्या वेळा मीच माझी केबल भाजत होतो. कसं ते पुढे येईल.

तर सगळ्यात आधी एक गोष्ट. गिअर पडत नाही म्हटलं की लोक थेट गिअरबॉक्सवर घसरतात, सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) गेले, बॉक्स उघडावा लागेल, बारा-पंधरा हजार तयार ठेवा वगैरे. बॉक्सला हात लावायच्या आधी इंजिन बंद करून उभ्या गाडीत पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. बंद इंजिनवर पण दांडा अडतोय, वाकडातिकडा जातोय, तिसऱ्याच्या जागी पाचवा सापडतोय, तर दोष लिंकेजचा (दांड्यापासून बॉक्सपर्यंतची जोडणी), बुश झिजलेत, रॉड वाकलाय, फाउंडेशन बसलंय, किंवा खरंच बॉक्सच्या आत काहीतरी आहे. बंद इंजिनवर सगळं गोड आणि चालू इंजिनवर बोंब असेल तर नव्वद टक्के वेळा क्लच पूर्ण सुटत नाहीये. माझं दुसरं होतं आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणूनच तर केबलच्या मागे लागलो, आणि केबलच्याच मागे लागून राहिलो.

क्लच ओढतोय का, म्हणजे दाबूनही पूर्ण सुटत नाहीये का, हे बघायला रिव्हर्ससारखा साक्षीदार नाही, कारण बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. इंजिन आयडलवर, क्लच पूर्ण खाली, मनात पाच-सहा आकडे मोजा आणि मग रिव्हर्स हळूच टाका. क्लच नीट सुटला असेल तर तेवढ्या वेळात आतला शाफ्ट फिरायचा थांबतो आणि गिअर गुपचूप पडतो. सहा मोजूनही कर्रर्र आला तर क्लचची प्लेट अजून फ्लायव्हीलबरोबर (इंजिनच्या टोकाची जड चकती) फिरतेय. दाबल्या दाबल्या लगेच टाकला आणि थोडा कर्र आला तर त्याला दोष म्हणू नका, तो शाफ्टचा वेग असतो, तिथे आपली घाई चुकते.

आता माझ्या चुकांचा इतिहास, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिल्यांदा तक्रार आली तेव्हा मिस्त्रींनी केबल अॅडजस्ट करून दिली. दुसऱ्यांदा पण. तिसऱ्यांदा मी घरीच केली, नट फिरवत फिरवत थ्रेड संपत आले आणि पेडलचं फ्री प्ले शून्य झालं. हे कधीच करू नका. वरच्या बाजूला पेडल थोडं मोकळं हललंच पाहिजे, किती ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, ते मोकळेपण संपलं की रिलीज बेअरिंग (क्लच सोडवायला प्रेशर प्लेट ढकलतं ते) कायम प्रेशर प्लेटवर घासत राहतं आणि क्लच अर्धवट सुटलेलाच राहतो. मला आठवड्याभरात चढावर इंजिनचा आवाज वाढतोय आणि गाडी पळत नाहीये असं जाणवलं, मग तो ओळखीचा जळका वास. म्हणजे एका बाजूने क्लच सुटत नाही आणि दुसऱ्या बाजूने नीट धरत पण नाही, दोन्ही आजार एकाच वेळी, आणि दुसरा मी स्वतः विकत घेतलेला.

मग क्लच सेट बदलला. गिअरबॉक्स उतरवला, प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग नवीन, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लेथवर सपाट करून घेतला. उतरवलाच होता म्हणून प्लेट इनपुट शाफ्टवर सरकवून बघितली, मोकळी सरकत होती. ही गोष्ट तुम्ही पण बघा, तिथले खाचे गंजलेले असले तर प्लेट मागे सरकत नाही आणि केबल कितीही ओढा, क्लच ओढणारच. तिथे ग्रीस अगदी बोटाला लागेल इतकंच, जास्त लावलं तर उडून प्लेटच्या लायनिंगवर जातं आणि मग नवीन रडगाणं. केबल पण नवी टाकली. तीन महिने गाडी स्वप्नासारखी चालली. चौथ्या महिन्यात सिग्नलला पहिला अडला.

तेव्हा सगळ्यांचा संशय जड प्रेशर प्लेटवर गेला, माझा पण. जड स्प्रिंग म्हणजे केबलवर जास्त ताण, केबल लांबते, आणि ज्या पत्र्यात केबलचं टोक अडकतं तो फायरवॉलचा (इंजिन आणि केबिनच्या मधली भिंत) पत्रा पण आतबाहेर होतो. हा दोष मॉडिफाय केलेल्या गाड्यांत खरोखर असतो. बघायची पद्धत सोपी, एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने बोनेट उघडून केबल फायरवॉलमधून बाहेर येते तिथे नजर ठेवायची, पत्रा हलताना डोळ्याला दिसतो. पेडलच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग पण टॉर्च मारून बघा, तिथे केसाएवढी चीर असते आणि पेडल अर्धा इंच त्यातच वाया जातं. माझा पत्रा किंचित हलत होता, म्हणून आतून तीन एमएमची पट्टी लावली. पेडलचा फील सुधारला, आजार तोच.

हेडरच्या उष्णतेने केबल तापते असं एकाने सांगितलं, म्हणून हेडरला तो पांढरा पट्टा गुंडाळला, हात चार दिवस खाजत होते. आजार तोच. एका मित्राने मॅट बघ म्हटलं. हसू नका, हा सल्ला बरोबर आहे, ते सेव्हन-डी म्हणून जाड गादीसारखे मॅट मिळतात ना, ते क्लचखाली दुमडले की पेडल शेवटचा इंचभर खाली जातच नाही आणि लोक गिअरबॉक्स उघडून बसतात. माझ्या गाडीत मॅटच नव्हते.

शेवटी मी अंदाज सोडून पट्टी घेतली. गिअरबॉक्सवर क्लचचा जो आर्म असतो, केबल जिथे अडकते तो, त्याच्या शेजारी स्टीलची सहा इंची पट्टी टेपने चिकटवली आणि मुलाला पेडल दाबायला बसवलं. थंड गाडीला आर्म २७ मिलिमीटर सरकला. मग गाडी गावात पाऊण तास फिरवून आणली, चार-पाच वेळा बंद-चालू केली, पहिला अडायला लागला तसा परत मोजला, २१. पेडल तितकंच खाली गेलं, आर्म मात्र सहा मिलिमीटर कमी. म्हणजे पेडल आणि आर्मच्या मधे काहीतरी ते सहा मिलिमीटर खातंय आणि मधे केबल सोडून आहे काय? (हे माझ्या गाडीचे आकडे आहेत, तुमच्या गाडीत वेगळे येतील, थंड आणि गरम यातला फरक महत्त्वाचा.) गरममध्ये फरक पडला नसता आणि तरी क्लच ओढला असता तर दोष घंटीच्या (क्लच झाकणारं गिअरबॉक्सचं कव्हर) आत, प्लेट वाकलेली, बेअरिंग अडकतंय, फोर्क झिजलाय, तेव्हा बॉक्स उतरवणं आलंच.

दुसरी केबल टाकली. ही दीड महिना टिकली. तिसरी पावसाळ्यात टाकली ती वीस दिवसांत कडक झाली. आता मला केबल बनवणाऱ्यावरच राग यायला लागला होता, आणि दुकानदार मला बघून काउंटरवर हसत केबल आधीच काढून ठेवायचा.

आणि मग उत्तर आलं ते वेगळ्याच तक्रारीतून. सेल्फ जड फिरत होता, विशेषतः गरम असताना, मला वाटलं बॅटरी म्हातारी झाली, म्हणून आमच्या इथले ऑटो इलेक्ट्रिकचे काका आहेत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॅटरी तपासली, ठीक. बोनेट उघडलं, इकडे तिकडे बघितलं आणि मला म्हणाले, "सेल्फ मार रे." मारला. "परत मार." मारला. त्यांनी क्लच केबलला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"इंजिनला अर्थ कुठून दिलाय?"

मी म्हटलं काका बॅटरी डिकीत आहे, निगेटिव्ह तिथेच बॉडीला बोल्ट केलंय.

"ते बॉडीला झालं. इंजिनला कुठाय?"

मी गप्प.

आता हे नीट समजून घ्या. अर्थ म्हणजे करंटची बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट. मूळ गाडीत बॅटरी पुढे असते आणि तिच्या निगेटिव्हची जाड केबल थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला येते, शिवाय एक बारीक वायर बॉडीला जाते. सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर करंट लागतो, तो पॉझिटिव्हने सेल्फमध्ये येतो आणि इंजिनच्या धातूतून निगेटिव्हला परत जातो. बॅटरी डिकीत नेताना पॉझिटिव्हची जाड केबल सगळे आठवणीने ओढतात कारण त्याशिवाय गाडी चालूच होणार नाही. निगेटिव्ह मात्र डिकीतच बॉडीला लावून मोकळे. पण इंजिन रबराच्या नाहीतर पॉलियुरेथेनच्या फाउंडेशनवर तरंगत असतं, बॉडीशी त्याचा धातूला धातू असा संबंध फारसा नसतो. माझ्या गाडीत इंजिन आणि बॉडीच्या मधे एकच करंगळीपेक्षा बारीक वायर राहिली होती, आणि तिचं थिंबल (वायरच्या टोकाची, बोल्टला लावायची धातूची कडी) हिरवं पडून अर्धं गळालेलं. मग करंट बॉडीकडे जाणार कुठून? जिथून लोखंड सापडेल तिथून. क्लच केबलचं कव्हर आतून स्टीलच्या तारेचं गुंडाळलेलं असतं, एक टोक गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटला, दुसरं फायरवॉलला, आणि आतली तार आर्मपासून पेडलपर्यंत. बिचारी आयती अर्थिंग केबल झाली होती. अॅक्सिलरेटरची केबल पण थोडी कडक लागायची ती याच कारणाने, आणि ते मी थ्रॉटल बॉडी साफ करून करून विसरलो होतो.

पावसाळ्यात केबल लवकर का गेली ते पण उघड आहे, थिंबल जसजसं सडत गेलं तसतसा केबलवरचा भार वाढत गेला. आणि खंबाटकीत मी दर दोन फुटांनी सेल्फ मारत होतो ते आठवा.

घरी येऊन तिसरी केबल ओट्यावर ठेवून कटरने उभी चिरली. बाहेरचं काळं प्लास्टिक वळणाच्या जागी चकचकीत झालेलं, बारीक फोड आल्यासारखं. आतला पांढरा नायलॉनचा अस्तर असतो ना, तो त्या वळणावर तपकिरी होऊन तारेला चिकटलेला, तार त्यात रुतून तिने स्वतःची वेगळीच वाट पाडलेली. तारेचे दोन-तीन धागे तुटून काट्यासारखे उभे आणि त्यांच्या आसपास निळसर झाक, तापलेल्या स्टीलला येते तशी. हेडर त्या वळणापासून हातभर लांब. म्हणजे गरम झालं की ते अस्तर मऊ पडायचं, ओढताना तार वळणात रुतायची, कव्हर दबायचं, आणि माझे सहा मिलिमीटर तिथे जायचे.

तुम्हाला तपासायचं असेल तर दोन प्रकार. मीटर असेल तर डीसी व्होल्ट २० वर ठेवा, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, काळं थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि फिरत असतानाचा आकडा बघा. अर्ध्या व्होल्टच्या आत असला तर अर्थ ठीक आहे. माझा २.३ आला. बॅटरी डिकीत असेल तर मीटरची वायर पुरत नाही, मी जुन्या टेबलफॅनची वायर जोडली. मीटर नसेल तर जंपर केबलचा एक चिमटा इंजिनवर आणि दुसरा बॉडीच्या घासून साफ केलेल्या जाड बोल्टवर लावा आणि सेल्फ मारा. सेल्फ एकदम टुणकन फिरला तर समजा चोर सापडला. गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला, हे सांगायला नको पण सांगतो.

दुरुस्ती किरकोळ निघाली. ३५ चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल, दोन तुकडे, एक गिअरबॉक्सच्या बोल्टपासून पुढच्या चॅसिसला, दुसरा इंजिनपासून फायरवॉलला. थिंबल चांगल्या प्रेसने दाबून घेतले, हातोडीने ठोकून नाही. बोल्टच्या जागचा रंग पार चकाकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली. केबलला थोडी ढील ठेवा, इंजिन हलतं, ताठ लावली तर थिंबलापाशी तुटते. डिकीतला निगेटिव्हचा बोल्ट पण काढून बघितला तर खाली फॅक्टरीचा रंग तसाच, तोही घासला. मग चौथी क्लच केबल. एकूण खर्च हजाराच्या आसपास, आणि त्याआधी मी किती घालवले ते घरात कुणाला सांगितलेलं नाही. मीटरवर आता ०.३ येतो. चौदा महिने झाले, अकरा हजार किलोमीटर, अॅडजस्टरला पाना लावलेला नाही, आणि परवा चतुर्थीच्या गर्दीत दोन तास रांगत होतो तरी आर्म २७ चा २६ झाला असेल फार तर.

ज्यांची बॅटरी जागेवरच आहे त्यांनी पण हे बघा, इंजिन उतरवून परत बसवताना ती अर्थची पट्टी लावायची राहून जाणं फार कॉमन आहे, बोल्ट एक उरतो आणि तो डबीत जातो.

हायड्रॉलिक क्लच (केबलऐवजी तेलाच्या दाबाने सुटणारा) असेल त्यांना हे प्रकरण लागू नाही, तिथे एकदा दाबून गिअर अडतो आणि तीन-चार वेळा पंप करून दाबला की पडतो, असं असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर नाहीतर स्लेव्ह सिलिंडरची सील गेलीय. पेडलच्या मुळाशी आणि गिअरबॉक्सपाशी ओल बघा. आणि कडक फाउंडेशन टाकलेल्यांना एक वेगळी खूण सांगतो, अॅक्सिलरेटर सोडला की दांडा स्वतःहून हलतो किंवा गिअर उडतो, तर एखादं फाउंडेशन तुटलंय आणि इंजिन लिंकेजला ओढतंय, तिथे क्लचला दोष देऊ नका.

ऑइलचं राहिलं. माझ्या गाडीत अजून एक बारीक तक्रार आहे, थंडीत सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर जरा हट्टी लागतो, मग मऊ होतो. त्याचा केबलशी संबंध नाही. इंजिनबरोबर आलेल्या बॉक्समध्ये मागच्या मालकाने जीएल-५ ग्रेडचं जाड ऑइल भरलेलं होतं, ते डिफरन्शियलला उत्तम पण असल्या बॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना जीएल-४ च बरं, रिंगला पकड लागते, ऑइल फार निसरडं असलं तर ती घसरत राहते. जीएल-४ चं ७५डब्ल्यू-९० भरल्यावर निम्म्याने कमी झालंय. उरलेलं बहुतेक दुसऱ्याच्या रिंगचं झिजणं आहे, त्यासाठी बॉक्स उघडावा लागेल, आणि सध्या घरात तो विषय काढायची माझी हिंमत नाही.